निधनवार्ता तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कला व वाणिज्य महाविद्यालय,
यांच्या सेवेशी.

अर्जदार : गादीवाला, बस थांब्यासमोर, केशकर्तनालयाच्या शेजारी. दुकान खाली, घर वर.

विषय : लेखनकौशल्याच्या बाईंविरुद्धची तक्रार मागे घेणे, बाईंना पुन्हा वर्गावर घेणे आणि सोबतची कृतिपत्रिका क्रमांक सात त्यांच्याच हातून तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला तक्रार अर्ज, दि. १९ ऑगस्ट.

महोदय,

१. अर्जदाराची नात शाळा संपवून आपल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आली, त्या वर्षीची, म्हणजे याच वर्षीची ही हकीकत आहे. अर्जदाराच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. त्यामुळे घरात आता सगळे "पोरगी कॉलेजात गेली तेव्हापासून" असेच दिवस मोजतात. प्रवेश झाला त्या संध्याकाळी अर्जदाराच्या पत्नीने दुकानातली विकायला ठेवलेली सर्वांत चांगली गादी उचलून नातीच्या खाटेवर टाकली. अर्जदार म्हणाला, "अगं, ती गिऱ्हाइकाला दाखवायची आहे." पत्नी म्हणाली, "दाखवा की मग. वर घेऊन या त्यांना."

२. अर्जदार कापूस पिंजून भरतो आणि पत्नी खोळ शिवून दाभणाने टाके घालते, अशी कामाची वाटणी लग्नापासूनची होती. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत अर्जदार कागदावर अंगठा उठवत होता. नात शाळेत असताना तिने दुकानाच्या फळीवर बसवून त्याला अक्षरे शिकवली. ती जाड पेनाने मोठे अक्षर काढी आणि अर्जदार ते समोरच्या कापसावर बोटाने गिरवी. चुकले की हात फिरवायचा, कापूस पुन्हा कोरा. पत्नीलाही तिने बसवून पाहिले. पण पत्नी म्हणाली, "घरात एक वाचणारा पुरे. दोघंही वाचत बसलो तर गाद्या काय आपोआप शिवल्या जाणार?" येथे एवढेच नमूद करायचे की अर्जदाराला नातीचे हस्ताक्षर चटकन वाचता येते, कारण तेच त्याचे पहिले पुस्तक. छापील बारीक अक्षर मात्र त्याला दमवते. म्हणून कागदाच्या वर आणि खाली जे बारीक छापलेले असते ते सोडून द्यायची त्याला सवय लागली. पुढे जे झाले ते या सवयीने झाले.

३. आपल्याकडील लेखनकौशल्याच्या बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना दर आठवड्याला एक कृतिपत्रिका देत. वर थोडी सूचना, खाली रिकाम्या ओळी. एकदा पत्र, एकदा जाहिरात, एकदा पाककृती, एकदा भांडणाचे वर्णन दोन्ही बाजूंनी. नातीने बाईंना सांगितले की आमचे आजोबा नवेच लिहायला शिकले आहेत, तेव्हापासून बाई एक प्रत जास्तीची देऊ लागल्या. बाईंनी अर्जदाराला कधी पाहिले नव्हते. दुपारी गिऱ्हाईक नसताना अर्जदार गादीवर पालथा पडून त्या ओळी भरत असे आणि नात संध्याकाळी हसत हसत तपासत असे. शेजारचा केशकर्तनालयवाला आरशातून बघून ओरडे, "काय हो, परीक्षा जवळ आली वाटतं?" अर्जदाराला हे आवडत असे, हे लपवून उपयोग नाही.

४. ऑगस्टमध्ये अर्जदाराची पत्नी तिच्या बहिणीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या गावी गेली होती. ती स्वतःजवळ फोन बाळगत नसे. बहिणीचा फोन दवाखान्यात बंद होता. अशा वेळी एका सोमवारी नात कॉलेजात गेल्यावर अर्जदार वर पाणी प्यायला गेला, तेव्हा त्याला टेबलावर एक कागद दिसला. अर्जदाराने नेहमीप्रमाणे वरचे बारीक सोडले आणि नातीचे अक्षर वाचले. ते असे :

"दुःखद निधन. आमच्या आजी, बस थांब्यासमोरील गादी दुकानाच्या आधारस्तंभ, यांचे रविवारी पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या शांत, मनमिळाऊ व प्रेमळ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून व नात असा परिवार आहे."

कागदाच्या तळाशी लाल शाईत दोन-तीन ओळी गिचमिड लिहिल्या होत्या. अर्जदाराला ती डॉक्टरांची सही वाटली.

५. त्याने मनात असा हिशेब बांधला की बातमी पहाटे नातीला कळली असणार, तिला सांगवेना म्हणून तिने लिहून ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत द्यायला ती गेली. सकाळी ती गुणगुणत डबा भरत होती हे त्याला आठवले. पण त्याने तेही पोरीने जिवावर दगड ठेवला असेच समजून घेतले. मेव्हणीचा फोन लागेना. नातीचा वाजत होता, ती उचलेना, कारण ती आपल्या वर्गात बसली होती. मग अर्जदार खाली उतरला आणि दुकानाच्या दारात बसून मोठ्याने रडला.

६. केशकर्तनालयवाल्याने अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक तसेच ठेवून शटर निम्मे ओढले. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी मुलाला कारखान्यातून बोलावून घेतले. समोरची शेजारीण, जिचे पत्नीशी गच्चीवरच्या दोरीवरून भांडण होऊन बोलणे बंद होते, ती सर्वांत जास्त रडली. अर्जदारही त्या भरात सर्वांसमोर नाही नाही ते बोलला. तो म्हणाला, "दुकान माझं नव्हतंच. कापूस कोणीही भरतो. टाका तिचा होता, आणि मी तिला हे एकदासुद्धा सांगितलं नाही." हे वाक्य पुढे सर्व गल्लीत पाठ झाले.

७. दुपारी पत्नी बसमधून उतरली. हातात पिशवी, बहिणीने दिलेली. आपल्या दारात खुर्च्या बघून ती धावतच आली आणि पहिल्या खुर्चीवरच्या केशकर्तनालयवाल्याला तिने विचारले, "कोण गेलं हो?" तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुम्हीच."

पत्नीने अर्जदाराकडे पाहिले. मग शेजारणीकडे पाहिले. मग ती एका रिकाम्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आलाच आहात तर बसा. चहा टाकते. कोण कोण काय काय बोललं ते तरी कळू दे मला." कोणाला उठून जाता येईना. नात कॉलेजातून परत आली तेव्हा तिची आजी स्वतःच्या दुखवट्याला आलेल्या लोकांना साखर विचारत होती.

८. त्यानंतर अर्जदाराला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बस थांब्यावरची मुले विचारू लागली, "आजोबा, आज कोण?" गिऱ्हाइके गादी दाबून बघता बघता विचारत, "ही टाक्याची बाई हयात आहे ना?" नातीने कागद समोर धरून वरची बारीक अक्षरे बोट ठेवून वाचून दाखवली : "कृतिपत्रिका क्रमांक सात. निधनवार्ता. आपल्या परिचयातील एका व्यक्तीची कल्पित निधनवार्ता लिहा." आणि खालची लाल शाई वाचून दाखवली : "आजी कोण होत्या हे कळलं, कशा होत्या हे कळलं नाही. शांत, मनमिळाऊ, प्रेमळ कुणीही असतं. त्यांच्याजवळ बसून पुन्हा लिही. आजींना भरपूर आयुष्य लाभो." म्हणजे अर्जदाराला वाचवणारे सर्व काही त्याच कागदावर होते, एक वर आणि एक खाली. हे कळल्यावर त्याला लाज वाटायला हवी होती. त्याला राग आला.

९. त्याने डोक्यात राख घालून घेतली आणि त्याच दुपारी आपल्याकडे तक्रार लिहिली. त्यात "सदर बाई कोवळ्या मुलांना जिवंत माणसे मारायला शिकवतात" असे वाक्य आहे. "अशा बाईंना वर्गात ठेवणे म्हणजे प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे" असेही आहे. तो अर्ज अर्जदाराने कोणाचीही मदत न घेता लिहिला. अर्ज नीट लिहिला गेला, प्रति कुठे, विषय कुठे, सही कुठे हे सर्व जागच्या जागी पडले, याचे त्याला त्या दिवशी कौतुकही वाटले. तो ते शिकला होता कृतिपत्रिका क्रमांक तीनवरून. ती बाईंनीच त्याच्यासाठी जास्तीची दिली होती. अर्जदार याहून अधिक या मुद्द्यावर लिहू शकत नाही.

१०. आपल्या कार्यालयाने तक्रारीची दखल घेतली. अर्जदाराला कोणी बोलावले नाही, काही विचारले नाही. बाई तासावर नेमलेल्या होत्या, त्यांना सप्टेंबरपासून येऊ नका असे सांगण्यात आले. सर्व कृतिपत्रिका गोळा करून कपाटात कुलूपबंद झाल्या. नातीने जपून ठेवलेली सातवी आणि अर्जदाराच्या जास्तीच्या प्रतींतली तिसरी तेवढ्या घरी राहिल्या. आता वर्गात एक सर येतात आणि निबंध फळ्यावर लिहून देतात, मुले उतरवून घेतात. नात म्हणते की आता वर्गात हस्ताक्षरांशिवाय काहीच वेगळे नसते.

नातीने भांडण केले नाही. केले असते तर बरे झाले असते. ती अर्जदाराला "आजोबा" म्हणायची थांबली. "अर्जदार, जेवायला चला." "अर्जदार, चष्मा फळीवर राहिलाय." पत्नी मध्ये पडली नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्ही मला मेलेली समजून रडलात, ते चांगलंच केलंत, मला बरं वाटलं. पण त्या बाईंनी काय केलं होतं?" अर्जदार उठून खाली दुकानात गेला. तो पुन्हा आपल्याकडे येणार होता. दोनदा महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत येऊनही गेला. पहारेकऱ्याने "काय काम?" विचारले की अर्जदार "काही नाही, नातीला बघायला" म्हणून परत फिरे. आपणच केलेली तक्रार खोटी होती हे आत जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचे, हे त्याला सुचले नाही. अर्ज लिहायला कागद घेतला की "प्रति" लिहून हात थांबे. त्यात हिवाळा आला.

११. या काळात एक गोष्ट झाली ती आपल्या माहितीसाठी. बाई गेल्या तरी बाईंनी सांगितलेले काम नातीने सोडले नाही. "त्यांच्याजवळ बसून पुन्हा लिही" असे लाल शाईत होते, म्हणून ती रोज संध्याकाळी दुकानात आजीजवळ बसू लागली. आजीला आधी ती थट्टा वाटली. मग ती त्यात रंगली. टाके घालता घालता म्हणे, "हं, वाच माझं निधन, कुठपर्यंत आलं?" आणि दाभण वर करून दुरुस्त्या सांगे.

"शांत काढ. समोरची हसून हसून मरेल, मग तिचंही तुलाच लिहावं लागेल."

"वय दोन वर्षांनी कमी कर. गेल्यावर तरी कोण दाखला मागतंय?"

"आधारस्तंभ म्हणजे काय गं? खांब? मी काय खांब आहे? काढ."

"अगं, मी चिडायची ते घाल. खोळ वाकडी कापली की मी तुझ्या आजोबांशी दोन-दोन दिवस बोलत नसे. ते घाल. त्यांना वाचता येतं आता, वाचू देत."

अर्जदार कापूस भरत हे ऐकत असे आणि मान वर करत नसे. पण पत्नी जे सांगत होती ते त्यालाही नवे होते. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी ती रात्री दिवे विझवलेल्या दुकानात एकटी उतरे आणि दिवसा घातलेले सैल टाके कोणाला कळू न देता उसवून पुन्हा घाली, हे त्याला ठाऊक नव्हते. तो समजत होता की हिचा हात पहिल्या दिवसापासूनच बसलेला आहे.

१२. डिसेंबरात पत्नीचा खोकला वाढला. जन्मभर कापसात काढलेल्या माणसाची छाती कशी होते ते डॉक्टरांनी समजावून सांगितले. सुनेने खाट खिडकीशी ओढली. दाभण हातातून सुटू लागले तरी दुरुस्त्या थांबल्या नाहीत. एकदा तिने नातीला विचारले, "अल्पशा आजाराने असंच आहे ना अजून?" नात म्हणाली, "आहे. बदलू?" ती म्हणाली, "अल्पशा कुठला, थंडी सरत आली. पण राहू दे. ऐकायला बरं वाटतं."

शेवटचा मसुदा नातीने जानेवारीअखेर पक्का केला आणि खाटेशी बसून वाचून दाखवला. पत्नी डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर तिने विचारले, "मग? मार्क किती पडले?"

नात म्हणाली, "अजून तपासलं नाही, आजी."

"का? बाई एवढ्या कामात आहेत?"

नातीने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने खिडकीबाहेर पाहिले. नात म्हणाली, "हो, खूप कागद असतात त्यांच्याकडे."

त्यानंतर पत्नी रोज सकाळी विचारी, "आले का गं मार्क?" आणि नात रोज "आज नाही" म्हणे. घरातल्या कोणीही तिला खरे सांगितले नाही. अर्जदाराने त्यासाठी नातीपुढे हात जोडले होते.

१३. म्हणून आता अर्जदाराची मागणी. कृतिपत्रिका क्रमांक तीनच्या तळाशी बारीक अक्षरात तीन सूचना छापलेल्या आहेत. त्या अर्जदाराने परवा भिंग लावून पहिल्यांदा वाचल्या : मागणी स्पष्ट असावी. रागाच्या भरात लिहू नये. लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. हा अर्ज लिहून दोन रात्री झाल्या आहेत, तेव्हा तो रागात नाही असे समजावे.

(अ) संदर्भीय तक्रार खोटी होती. ती पूर्णपणे मागे घेण्यात येत आहे. बाईंना त्यांच्या वर्गावर परत बोलवावे. त्यांना लेखी कळवावे की चूक अर्जदाराची होती, बाईंची नव्हती. शक्य असल्यास हे मोठ्या अक्षरात कळवावे.

(आ) तक्रार झाली की कोणीतरी दोषी असावा लागतो, असा कार्यालयाचा नियम असल्यास बाईंच्या नावापुढे जे काही लिहिले गेले असेल ते खोडून अर्जदाराच्या नावापुढे लिहावे.

(इ) कपाटाचे कुलूप उघडून कृतिपत्रिका मुलांना परत द्याव्यात. जिवंत माणसाची निधनवार्ता लिहिण्यास आता पालकांची हरकत येईल अशी भीती वाटत असल्यास, सातव्या कृतिपत्रिकेसाठी दर वर्षी अर्जदार स्वतः वर्गात येऊन बसण्यास तयार आहे. मुलांनी त्याची निधनवार्ता खुशाल लिहावी. तो हरकत घेणार नाही, तसे लिहून देईल. मुलांनी विचारले तर आपण कसे होतो हे तो खरे सांगेल, हा अर्जही दाखवेल.

(ई) बाई वर्गात ज्या लाकडी खुर्चीवर बसत ती फार कडक आहे असे नात सांगते. अर्जदाराने त्या खुर्चीच्या मापाची उशी भरून ठेवली आहे. टाके अर्जदाराचे आहेत, त्यामुळे ते तितकेसे नीट नाहीत. ही लाच समजू नये. बाई परत येणार नसतील तरी त्यांचा पत्ता मिळाल्यास उशी पोचती करता येईल.

(उ) सर्वांत महत्त्वाचे. सोबत जोडलेली कृतिपत्रिका क्रमांक सात, दुसरा मसुदा, बाईंनी लाल शाईने तपासून द्यावी. मार्क कमी पडले तरी चालतील. शून्य पडले तरी अर्जदार पुन्हा तक्रार करणार नाही. पण ते आकड्यात लिहावेत, कारण तेच विचारले गेले होते.

१४. वाचणाऱ्याला जोडपत्र शोधावे लागू नये म्हणून तो मसुदा अर्जदार येथे स्वतःच्या हाताने उतरवून देत आहे :

"आमच्या आजी अल्पशा आजाराने गेल्या. त्या गाद्यांना टाके घालायच्या. टाका सैल पडला तर गिऱ्हाइकाला कळायच्या आत उसवायच्या. खोळ वाकडी कापणाऱ्याशी बोलायच्या नाहीत. शेजारणीशी त्यांचं दोरीवरून भांडण होतं, पण शेजारणीच्या आईची गादी त्यांनी सगळ्यांत जाड भरून घेतली आणि हे तिला कधी सांगितलं नाही. एकदा त्या जिवंतपणी स्वतःच्या दुखवट्याला बसल्या आणि सगळ्यांना चहा दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना वाचून दाखवलेलं आवडायचं. मागे पती, मुलगा, सून, नात आणि समोरची शेजारीण."

शेवटचे दोन शब्द पत्नीने सांगून घातले आहेत. या महिन्यात हाच मजकूर जसाच्या तसा वर्तमानपत्रात दिला. कचेरीतला माणूस म्हणाला, "असं कोणी देत नाही." नात म्हणाली, "आम्ही देतो." त्या दिवशी घरी परतताना तिने अर्जदाराचा हात धरून रस्ता ओलांडला आणि म्हणाली, "आजोबा, सावकाश." तरी अर्जदाराने हे क्षमा समजलेले नाही. ते बाई परत आल्यावर बघू.

तरी, महोदय, सदर अर्जाचा विचार व्हावा. ज्या घाईने पहिल्या अर्जाचा विचार झाला, त्याच घाईने याचाही व्हावा, एवढेच मागणे.

आपला नम्र, व आपल्यापुढे उभे राहण्याची लाज वाटल्याने लेखी येणारा,

(सही)
गादीवाला
दिनांक : सोमवार, १६ फेब्रुवारी

सोबत :
कृतिपत्रिका क्रमांक सात, पहिला मसुदा, बाईंच्या लाल शाईसह.
कृतिपत्रिका क्रमांक सात, दुसरा मसुदा, न तपासलेला.
वर्तमानपत्राचे कात्रण.
उशी (पहारेकऱ्याकडे ठेवली आहे).

ता. क. पूर्वी एकदा चुकीची वार्ता दिली गेली असल्याने येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अर्जदार त्या वेळी खाटेशी होता आणि त्याने स्वतः पाहिले आहे. अर्जदाराची पत्नी मंगळवार, दि. ३ फेब्रुवारी रोजी सकाळी राहत्या घरी वारली.